दारासिंग खरा की खोटा?

शाळेत कुणी जास्तच दादागिरी करायला लागला की "स्वतःला काय दारासिंग समजतोस का?" असं विचारायची पद्धत होती. गंमत म्हणजे विचारणाऱ्यानं दारासिंगची एकही कुस्ती पाहिलेली नसायची, आणि ज्याला विचारलं त्यानंही नाही. आम्हाला तो माहीत होता 'रामायण' मालिकेतला हनुमान म्हणून. तरीही बोलण्यात यायचा तो पैलवान दारासिंगच. "स्वतःला काय खाशाबा जाधव समजतोस का?" असं मात्र कुणी कुणाला विचारल्याचं मला आठवत नाही.

खरं तर या शनिवारी बसलो होतो हेवीवेट बॉक्सिंगवर लिहायला. अली, फ्रेझर, फोरमन वगैरे मंडळी. वाचता वाचता प्रश्न पडला, की आपल्याकडे असं करिअर कुणी केलं? म्हणजे शंभर किलोच्या वरचं शरीर, समोर तेवढाच दांडगा माणूस, तिकीट काढून आलेलं पब्लिक आणि त्यावर पोट. आपल्याकडची दणकट पोरं ग्लोव्ह्ज घालायला गेलीच नाहीत, ती तालमीत गेली. त्यामुळे उत्तर शोधत शोधत मी बॉक्सिंगवरून कुस्तीवर आणि कुस्तीवरून दारासिंगवर येऊन पोचलो. मग शनिवार-रविवार दोन्ही त्यातच गेले.

दीदारसिंग रंधावा, जन्म १९ नोव्हेंबर १९२८, अमृतसर जिल्ह्यातलं धरमूचक गाव. १९४७ साली हा सिंगापूरला गेला. तिथे ड्रम बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी आणि हरनामसिंग नावाच्या उस्तादाकडे मेहनत. मेहनतीची जागा होती 'ग्रेट वर्ल्ड'. हे नाव ऐकून काहीतरी भव्य स्टेडियम डोळ्यासमोर येतं, पण ते होतं एक करमणुकीचं उद्यान. नाचगाणी, सिनेमा, खाण्याचे ठेले, आणि त्यातच कुस्तीचा रिंग. आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या वाचकांना लगेच कळेल: दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते ना, पाळणे, मिठाईची दुकानं, रात्री दंडार नाहीतर तमाशा, तसलाच प्रकार, फक्त बारमाही आणि विजेच्या दिव्यांत. दारासिंगची कुस्ती अशा ठिकाणी घडली, हे लक्षात ठेवलं की पुढचं बरंच काही उलगडतं. आखाड्यात माणूस वस्तादाला आणि जाणकारांना खूश करायला शिकतो. ग्रेट वर्ल्डमध्ये समोरचा माणूस कंटाळला तर उठून शेजारच्या तंबूत जाणार!

भारतात परतल्यावर त्यानं हाच धंदा इथे उभा केला, आणि त्याचं मोठं ठाणं होतं मुंबई. वरळीचं वल्लभभाई पटेल स्टेडियम. समोर कोण? तर किंग काँग. खरं नाव एमिल चाया, ब्राशोव्हमध्ये जन्मलेला, वजन दोनशे किलोच्या आसपास. दारासिंग सहा फूट दोन इंच आणि साधारण १२७ किलो, म्हणजे त्याच्यापुढे चक्क सडपातळ. या जोडीतच सगळी गोष्ट लिहिलेली होती. देश नुकताच स्वतंत्र झालेला, बाहेरून आलेला एक अगडबंब दाढीवाला आपल्या माणसाला रिंगच्या दोरांत दाबतोय, अंपायर बघत नसताना लबाडी करतोय, पब्लिक शिव्या घालतंय, आणि मग आपला माणूस उठतो. त्या डोंगराला उचलून गरगर फिरवतो. पुढचं सांगायला नकोच.

याला तेव्हा 'फ्रीस्टाईल' म्हणायचे. ऑलिंपिकमध्ये जी फ्रीस्टाईल कुस्ती असते तिचा याच्याशी नावापुरता संबंध. आजही मराठी पेपरात नगरपालिकेच्या सभेत नगरसेवक एकमेकांवर खुर्च्या फेकतात तेव्हा बातमी येते "सभागृहात फ्रीस्टाईल हाणामारी". मला दाट शंका आहे की हा शब्द आपल्याकडे त्या वरळीच्या रिंगमधूनच आला.

तर प्रश्न असा, की हे सगळं आधी ठरलेलं असायचं का?

हो. जगभर व्यावसायिक कुस्ती अशीच चालायची आणि आजही चालते. कोण जिंकणार हे आयोजक ठरवतो. एक नायक, एक खलनायक, आणि दोघांनी मिळून एकमेकांना इजा होऊ न देता पब्लिकला इजा झाल्यासारखं दाखवायचं. त्यामुळे "दारासिंग पाचशे कुस्त्यांत अपराजित" हे जे वाक्य सगळीकडे कॉपी-पेस्ट होऊन फिरतं, त्याला काही अर्थ नाही. अमिताभ 'दीवार'मध्ये किती मारामाऱ्या जिंकला, असं विचारण्यासारखं आहे ते.

सगळ्यात मजेदार उदाहरण २९ मे १९६८ चं. मुंबईत दारासिंगनं अमेरिकेच्या लू थेझला हरवलं आणि 'जागतिक विजेता' झाला. हे त्याच्या करिअरचं शिखर मानतात. आता थेझ हा खरोखरच मोठा माणूस. अनेक वर्षं जगज्जेता, आणि त्यातही असा की खरीखुरी कुस्ती लागली तर भल्याभल्यांचे हात मोडू शकेल. पण त्यानं अमेरिकेतला तो नावाजलेला किताब जानेवारी १९६६ मध्येच जीन किनिस्कीकडे गमावला होता. म्हणजे मुंबईत आला तेव्हा त्याच्याकडे तो किताब नव्हताच. शिवाय वय ५२. मग दारासिंगनं जिंकलं काय? एक कागदी किताब, असंच म्हणावं लागेल. मात्र थेझनं नंतर दारासिंगबद्दल जे सांगितलं ते महत्त्वाचं आहे. त्याच्या मते हा अस्सल कुस्तीगीर होता, शरीर उत्तम कमावलेलं होतं, आणि अशा माणसाकडून हरायला त्याची काही हरकत नव्हती. 'हरायला हरकत नव्हती' या तीन शब्दांत तो धंदा पूर्ण कळतो. पण थेझसारखा माणूस कुणाही सोम्यागोम्याकडून हरायला तयार झाला नसता, हेही त्यातच आलं.

आमच्या धंद्यातली उपमा द्यायची तर क्लायंटपुढचा डेमो. कुठलं बटण दाबायचं, कुठलं चुकूनही दाबायचं नाही, सगळं ठरलेलं. पण ठरवून का होईना, सॉफ्टवेअर चालावं लागतं. दोनशे किलोचा माणूस डोक्यावर उचलताना तो कितीही सहकार्य करत असला तरी दोनशे किलो हे दोनशे किलोच असतात.

माझे आबाजी तुमसरला राइस मिलमध्ये होते. त्यांनी 'किंग काँग' (१९६२) आणि 'फौलाद' (१९६३) टुरिंग टॉकीजमध्ये पाहिलेले, जमिनीवर बसून. मुंबईची कुस्ती बघायला कोण जाणार? मुंबई दूरदर्शनच सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. त्यामुळे भंडाऱ्यासारख्या ठिकाणी दारासिंग पोचला तो सिनेमातून आणि पोस्टरांतून. त्यांना एकदा विचारलं होतं, "आबाजी, ते सगळं ठरवून असायचं, माहीत होतं का तुम्हाला?" त्यांचं उत्तर: "ठरवून रायल त रायल गा. पडल्यावर लागत नाई का?"

आता बॉक्सिंगकडे एक चक्कर मारतो, कारण याच्या अगदी उलटी गोष्ट तिथे सापडते. प्रिमो कार्नेरा, इटलीतल्या सेक्वाल्स गावचा, साडेसहा फुटांच्या जवळपास उंच. फ्रान्समध्ये सर्कशीत काम करत होता, तिथे लिऑन से नावाच्या मॅनेजरनं त्याला हेरलं. १९३० मध्ये अमेरिकेला नेला. तिथे तो एकामागून एक जिंकत सुटला. बऱ्याच लढती आधीच ठरवलेल्या असाव्यात असं बॉक्सिंगचे इतिहासकार मानतात, आणि त्याच्यामागे न्यूयॉर्कचे गुंड होते हे तर उघडच होतं. कार्नेराला स्वतःला यातलं किती माहीत होतं यावर आजही वाद आहे. २९ जून १९३३ ला त्यानं जॅक शार्कीला सहाव्या फेरीत पाडून हेवीवेटचं जगज्जेतेपद घेतलं. वर्षभरानं, १४ जून १९३४ ला मॅक्स बेअर समोर आला. ही लढत कुणी ठरवलेली नव्हती. कार्नेरा त्या रात्री दहा-अकरा वेळा खाली पडला आणि प्रत्येक वेळी उठला, शेवटी अकराव्या फेरीत लढत थांबवली. पुढच्या वर्षी जो लुईनं त्याला पुन्हा झोडपलं. आणि एवढं सगळं सोसून हातात काय? मॅनेजर मंडळींनी पैसा आधीच उचललेला.

१९४६ मध्ये कार्नेरा व्यावसायिक कुस्तीत आला. हो, तीच ठरवून केलेली. आणि तिथे मात्र त्यानं नीट पैसे कमावले. 'खऱ्या' खेळात त्याला खोट्या लढतींनी वर चढवलं आणि लुबाडलं, 'खोट्या' खेळात त्याचा संसार उभा राहिला. २९ जून १९६७ ला तो वारला. जगज्जेता झाला त्याच तारखेला.

दारासिंगचं वेगळेपण मला इथे दिसतं. त्याला कुणी लुबाडल्याचं दिसत नाही, कारण दुकान त्याचं स्वतःचं होतं. भाऊ रंधावाही रिंगमध्ये आणि सिनेमात. १९५९ ला कलकत्त्यात जॉर्ज गॉर्डिएंकोला हरवून 'कॉमनवेल्थ विजेता' झाला आणि त्या नावाच्या जोरावर सिनेमे मिळाले. सिनेमांनी पुन्हा कुस्तीची तिकिटं खपवली. मुमताजबरोबर एकामागून एक चित्रपट, नंतर स्वतःचं दिग्दर्शन, १९७८ ला मोहालीत स्वतःचा स्टुडिओ. १९८३ ला दिल्लीत निवृत्ती जाहीर केली तेव्हा वय ५४. मग हनुमान, मग २००३ ते २००९ राज्यसभा. १२ जुलै २०१२ ला मुंबईत स्वतःच्या घरी गेला.

आणि ज्यांनी काहीच ठरवून केलं नाही त्यांचं काय झालं? १९५९ मध्येच दिल्लीत श्रीपती खंचनाळे पहिले हिंदकेसरी झाले, काटा कुस्ती करून. कोल्हापूरकर सोडले तर माझ्या ऑफिसात हे नाव एकाला माहीत नव्हतं. खाशाबा जाधव १९५२ ला हेलसिंकीला गेले ते वर्गणी काढून. राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले होते. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणलं, कराडला बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, मग पोलिसातली नोकरी, १९८४ ला अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला मरणोत्तर, त्यानंतर सोळा-सतरा वर्षांनी. बॉक्सिंगमध्ये आपला खरा हेवीवेट होता कौरसिंग, लष्करातला. जानेवारी १९८० मध्ये दिल्लीत साक्षात मुहम्मद अलीबरोबर प्रदर्शनीय चार फेऱ्या खेळला, १९८२ च्या एशियाडला सुवर्ण जिंकलं, १९८३ ला पद्मश्री. उतारवयात हृदयविकाराच्या उपचारासाठी या माणसाला कर्ज काढावं लागलं. २०२३ ला गेला.

हे वाचून दारासिंगवर चिडावं असं काहींना वाटेल. मला नाही वाटत. त्यानं खाशाबांच्या तोंडचा घास काढला नव्हता. तो घास त्या ताटात कुणी वाढलेलाच नव्हता. पब्लिक तिकीट काढतं ते गोष्टीसाठी, हे त्यानं ग्रेट वर्ल्डच्या दिव्यांत विशीतच ओळखलं होतं. पदकाची काळजी घेणं हे सरकारचं, संघटनांचं काम होतं, आणि ते त्यांनी केलं नाही.

वरळीचं ते स्टेडियम आता एनएससीआय डोम म्हणून ओळखलं जातं. ५ ऑगस्ट २०१७ ला तिथे विजेंदरसिंग व्यावसायिक लढत खेळला. हेवीवेट नव्हे, ७६ किलोचा गट. समोर चीनचा झुल्पिकार मैमैतियाली. डोकलामचा तणाव चालू होता, त्यामुळे जाहिरात अर्थातच भारत विरुद्ध चीन. किंग काँगच्या वेळचीच रेसिपी, फक्त ठोसे खरे. विजेंदर दहा फेऱ्यांनंतर गुणांवर जिंकला आणि लगेच माइक हातात घेऊन म्हणाला की सीमेवर शांतता राहणार असेल तर हा पट्टा परत घेऊन जा.