ताप १०१ आणि पारा ४१: सेल्सिअस-फॅरनहाइटचं गणित काय आहे?

'ताप १०१ आहे' आणि 'पारा ४१वर गेला' ही दोन्ही वाक्यं मराठी घरांत सर्रास ऐकू येतात. अंगातला ताप बहुतेक जण फॅरनहाइटमध्ये सांगतात, तर हवामान खात्याचे आकडे सेल्सिअसमध्ये असतात. एकक सांगितलं नाही, तर मात्र गोंधळ होऊ शकतो.

दोन मोजपट्ट्या

डॅनियल गॅब्रिएल फॅरनहाइट यांनी १७२४ मध्ये आपली मोजपट्टी मांडली. स्वीडनचे खगोलशास्त्रज्ञ अँडर्स सेल्सिअस यांची मोजपट्टी १७४२ मधली. तिच्यात सुरुवातीला पाणी ० अंशावर उकळायचं आणि १०० अंशांवर गोठायचं! नंतर ती उलट करण्यात आली.

रूपांतर कसं करायचं?

समुद्रसपाटीला पाणी गोठतं ० अंश सेल्सिअसला, म्हणजेच ३२ फॅरनहाइटला. उकळतं १०० सेल्सिअसला, म्हणजेच २१२ फॅरनहाइटला. सेल्सिअसच्या १०० अंशांत फॅरनहाइटचे १८० अंश बसतात. म्हणून:

- सेल्सिअसचं फॅरनहाइट: १.८ ने गुणा, मग ३२ मिळवा.
- फॅरनहाइटचं सेल्सिअस: ३२ वजा करा, मग १.८ ने भागा.

उणे ४० ला दोन्ही आकडे सारखेच येतात.

घाईत 'दुप्पट करा, ३० मिळवा' हा तोंडी हिशेब हवामानापुरता ठीक आहे. २५ सेल्सिअसचे ८० येतात, खरं उत्तर ७७. तापासाठी मात्र तो वापरू नये. ४० सेल्सिअस म्हणजे १०४ फॅरनहाइट, पण या हिशेबानं ११० येतात.

ताप मोजताना

- ३७ सेल्सिअस = ९८.६ फॅरनहाइट
- ३८ = १००.४
- ३९ = १०२.२
- ४० = १०४

अनेक डिजिटल थर्मामीटरवर एकक बदलता येतं. चुकून सेल्सिअस लागलं असेल आणि ३८.५ दिसलं, तर आकडा लहान वाटतो. प्रत्यक्षात तो १०१.३ फॅरनहाइट ताप असतो. म्हणून आकड्याशेजारचं अक्षर 'सी' आहे की 'एफ' हे आधी पाहावं आणि डॉक्टरांना फोनवर ताप सांगताना एककही सांगावं.

हमखास होणारी चूक

तापमानातली वाढ किंवा घट बदलताना ३२ मिळवायचे नसतात, फक्त १.८ ने गुणायचं असतं. २०१५ च्या पॅरिस करारातली १.५ अंश सेल्सिअस वाढीची मर्यादा म्हणजे २.७ अंश फॅरनहाइट, ३४.७ नव्हे.