हॉर्न ऐकू येतो, पण गाडी कुठून येतेय? कमी ऐकू येणाऱ्यांची रस्त्यावरची अडचण

मागून हॉर्न वाजला की बहुतेक जण वळून न बघताच बाजूला सरकतात. एका कानाने कमी ऐकू येणाऱ्या व्यक्तीला हे जमत नाही. हॉर्न तिलाही ऐकू येतो, पण तो डावीकडून आला की उजवीकडून, हे पटकन कळत नाही. अशा वेळी ती गाडीपासून लांब जाण्याऐवजी नेमकी गाडीच्याच दिशेने सरकू शकते. कारण आवाज ऐकू येणं आणि त्याची दिशा कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मेंदू आवाजाची दिशा कशी ओळखतो?

उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानात आधी पोहोचतो आणि डाव्या कानात किंचित उशिरा. हा फरक जास्तीत जास्त ०.६ ते ०.७ मिलिसेकंद असतो, म्हणजे एका सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी. तरीही मेंदू तो टिपतो. शिवाय मध्ये डोकं आल्यामुळे पलीकडच्या कानाला आवाज थोडा कमी ऐकू येतो. मेंदू हा फरकही मोजतो.

ट्रकच्या इंजिनाच्या घरघरीसारख्या खालच्या पट्टीतल्या आवाजासाठी वेळेतला फरक कामाला येतो, तर ब्रेकच्या कर्कश आवाजासाठी तीव्रतेतला. ब्रिटिश शास्त्रज्ञ लॉर्ड रेली यांनी १९०७ मध्ये हे स्पष्टीकरण मांडलं होतं.

आवाज अगदी समोरून किंवा अगदी मागून आला, तर तो दोन्ही कानांत एकाच वेळी पोहोचतो. अशा वेळी कानाच्या बाहेरच्या भागाच्या घड्या मदत करतात. मागून आणि समोरून येणारे आवाज या घड्यांमुळे थोडे वेगवेगळे होऊन आत जातात. हा बदल मुख्यतः वरच्या पट्टीतल्या आवाजात होतो.

एकाच कानाने ऐकू येत असेल तर?

तुलना करायला दुसरा कानच नसल्याने सगळे आवाज चांगल्या कानाच्या बाजूने आल्यासारखे वाटतात. भारतात वाहनं डावीकडून चालतात, त्यामुळे दुहेरी रस्ता ओलांडायला उभं राहिल्यावर सर्वांत जवळची गाडी उजवीकडून येते. उजव्या कानाने ऐकू येत नसेल, तर धोका नेमका त्याच बाजूला असतो. राँग साइडने येणारी दुचाकी मात्र कोणत्याही बाजूने येऊ शकते.

गालगुंड झाल्यानंतर काही मुलांचा एक कान कायमचा जातो. घरात बोलणं नीट ऐकू येत असल्याने हे अनेकदा पालकांच्या लक्षात येत नाही. मूल फोन कायम एकाच कानाला लावत असेल किंवा हाक मारल्यावर भलतीकडेच बघत असेल, तर कान तपासून घ्यावेत.

वयानुसार ऐकू कमी आलं तर?

उतारवयात आधी वरच्या पट्टीतले आवाज कमी होतात. समोर-मागे ओळखायला हेच आवाज लागतात. म्हणूनच आजी-आजोबांना हॉर्न ऐकू येतो, पण गाडी पुढे आहे की मागे, याचा गोंधळ होतो.

श्रवणयंत्राने फरक पडतो का?

फरक पडतो, पण दिशा ओळखण्याची क्षमता पूर्णपणे परत येत नाही. कानामागे बसणाऱ्या यंत्राचा माइक कानाच्या वर असतो, त्यामुळे कानाच्या घड्यांचा उपयोग कमी होतो. दोन्ही कानांनी कमी ऐकू येत असेल, तर एका यंत्रापेक्षा दोन यंत्रं सहसा जास्त उपयोगी ठरतात. नवीन यंत्राची सवय व्हायला काही आठवडे लागतात. तोवर गर्दीच्या रस्त्यावर जास्त सावध राहावं.

कान चांगले असले तरी...

एका कानात इअरफोन असेल, तर त्या कानाचा दिशा ओळखण्यातला वाटा कमी होतो. काचा बंद असलेल्या कारमध्ये ॲम्ब्युलन्सचा सायरन कुठून येतोय, हे चांगले कान असणाऱ्यांनाही चटकन कळत नाही. इलेक्ट्रिक गाड्यांना इंजिनाचा आवाज नसतो आणि कमी वेगात टायरचा आवाजही फारसा येत नाही. म्हणून युरोपीय महासंघात जुलै २०२१ पासून सर्व नव्या इलेक्ट्रिक कारना कमी वेगात कृत्रिम आवाज करणं बंधनकारक आहे.

काय काळजी घ्यावी?

• हॉर्न ऐकल्यावर अंदाजाने सरकू नये. आहे तिथे थांबून दोन्हीकडे बघावं. मान वळवल्यानेही दिशा कळायला मदत होते.
• फुटपाथ नसेल तर रस्त्याच्या उजव्या कडेने चालावं, म्हणजे जवळची वाहनं समोरून येताना दिसतात.
• सोबत कुणी असेल, तर त्यांना कमी ऐकू येणाऱ्या कानाच्या बाजूला चालायला सांगावं.
• गाडी चालवताना दोन्ही आरशांत वारंवार बघावं.
• रस्त्यावर इअरफोन काढून ठेवावेत.

डॉक्टरांकडे कधी जावं?

ऐकू येणं हळूहळू कमी होत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. कधीकधी कारण फक्त कानातला मळ असतं. पण एका कानाने अचानक, म्हणजे काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत ऐकू येणं कमी झालं, तर ‘आपोआप बरं होईल’ म्हणून थांबू नये. ही तातडीची परिस्थिती असते. उपचार जितके लवकर, शक्यतो पहिल्या दोन आठवड्यांत, सुरू होतील, तितकी ऐकू येणं परत येण्याची शक्यता जास्त असते.