पुणे नगरपालिकेतील जोतीराव

आपल्या समाजातील बहुतेक घरांत महात्मा जोतीराव फुले यांची तसबीर आहे. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात काढलेली मुलींची शाळा, सावित्रीबाईंनी सोसलेला छळ, १८७३ साली स्थापन झालेला सत्यशोधक समाज या गोष्टी आपल्या मुलांस पाठ असतात. परंतु जोतीराव काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते, आणि रस्ते, रोषणाई, दारूची दुकाने, मंडई अशा रोजच्या विषयांवर त्यांनी तेथे आपले मत दिले, हे सांगणारे फारसे भेटत नाहीत. चरित्रग्रंथांत या कालखंडास थोडी पाने मिळतात आणि जयंतीच्या व्याख्यानांत तीही गळून जातात. ही उणीव थोडीफार भरून काढावी, एवढ्याच हेतूने हा लेख आम्ही समाजबांधवांपुढे ठेवीत आहोत. आमच्या अमळनेरची नगरपालिका १८६४ सालची, म्हणजे जोतीराव पुण्याच्या नगरपालिकेत जाऊन बसले त्याच्याही बारा वर्षे आधीची. तेव्हा नगरपालिका या संस्थेचा आपला परिचय काही आजकालचा नव्हे.

त्या काळची नगरपालिका कशी होती, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. सभासद निवडून येत नसत. सरकार त्यांची नेमणूक करी. साहजिकच सरदार, पेन्शनर, वकील, सावकार अशा वजनदार मंडळींचा भरणा तेथे असे. सरकारी अधिकाऱ्याचा कल कोणीकडे आहे ते पाहून मत देण्याकडे अशा सभेची प्रवृत्ती होणे स्वाभाविकच होते. उत्पन्नाचे मुख्य साधन म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरील जकात. जकात व्यापारी भरतो असे दिसते खरे, पण ती मालाच्या किमतीत मिसळून अखेरीस विकत घेणाऱ्याच्याच पदरी पडते. ज्यास सभेत मत नाही, सभेची पायरी ज्याने कधी चढलेली नाही, अशा मजुराच्या पैशातूनही शहराची तिजोरी भरत होती. जोतीरावांची तेथील वागणूक समजून घेण्यास ही एक गोष्ट पुरेशी आहे, असे आम्हांस वाटते.

१८७६ साली सरकारने त्यांस सभासद नेमले. शाळा काढणारा आणि धर्मपंडितांशी वाद घालणारा हा गृहस्थ सरकारास कसा चालला, असा प्रश्न कोणी करील. जोतीराव केवळ समाजसुधारक नव्हते, उत्तम व्यावसायिक होते. बांधकामाची कंत्राटे घेणे हा त्यांचा धंदा. येरवड्याच्या पुलाच्या कामी त्यांनी दगड पुरविला, खडकवासल्याच्या धरणाच्या कामाशीही त्यांचा संबंध होता. दगडाचा, चुन्याचा आणि मजुरीचा भाव त्यांस तोंडपाठ होता. एखादे बांधकाम किती रुपयांत व्हावे आणि कागदावर किती रुपयांत होते, यातील अंतर कंत्राटदाराइतके कोणास कळणार! अशा माणसापुढे खर्चाचा अंदाज ठेवणे सोपे नसते.

सार्वजनिक सोयीसंबंधी त्यांची दृष्टी नगरपालिकेत जाण्यापूर्वीच पक्की झालेली होती. १८६८ साली त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्या बांधवांस खुला केला. गावच्या पाणवठ्यावर ज्यांस उभे राहू देत नसत त्यांच्यासाठी एका माळ्याने आपल्या अंगणातले पाणी मोकळे केले. पुढे १९२३ च्या ऑगस्ट महिन्यात मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांनी सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करण्याचा ठराव संमत करून घेतला. महाड नगरपालिकेने १९२४ साली त्यास अनुसरून चवदार तळे खुले केले. तरीही त्या पाण्यास हात लावण्यासाठी १९२७ साली डॉ. आंबेडकरांस सत्याग्रह करावा लागला, आणि त्याच वर्षी त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. अखेर न्याय मिळाला तो १९३७ साली, हायकोर्टातून. सोय असणे आणि ती सर्वांची असणे या दोन गोष्टी किती वेगळ्या आहेत, याचे याहून ठळक उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

जोतीराव सभासद झाले ती वर्षे मोठ्या दुष्काळाची होती. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनेत अन्नान्नदशा झाली होती. निराश्रित मुलांसाठी धनकवडी येथे अन्नछत्र उघडण्यात आले आणि त्यास मदत करावी म्हणून जोतीरावांनी १७ मे १८७७ रोजी पत्रक काढले. याच सभासदत्वाच्या काळात व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या पुणे भेटीचा प्रश्न नगरपालिकेपुढे आला. स्वागतासाठी, शहर शृंगारण्यासाठी, एक हजार रुपये खर्च करावेत असा प्रस्ताव होता. सर्वांनी होकार दिला. एकट्या जोतीरावांनी विरोध केला. हा पैसा गोरगरिबांच्या मुलांच्या शिक्षणास लावावा, असे त्यांचे म्हणणे होते. मत अर्थातच एकाकी पडले. आज हजार रुपये ही रक्कम ऐकून तरुण वाचकांस हसू येईल, पण त्या काळी शिक्षकाचा पगार महिना दहा-पाच रुपयांचा असे, हे लक्षात घेतले म्हणजे त्या कमानी आणि पताका किती शाळांच्या भावात पडल्या याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. ज्या सरकारने त्यांस नेमले त्याच सरकारच्या सर्वांत मोठ्या अधिकाऱ्याच्या स्वागतास त्यांनी हरकत घेतली. नेमणुकीने मिळालेली खुर्ची असूनही मत मात्र त्यांचे स्वतःचेच होते.

दुसरा प्रसंग दारूच्या दुकानांचा. पुण्यात दारूची दुकाने वाढू लागली, तेव्हा १८ जुलै १८८० रोजी जोतीरावांनी नगरपालिकेच्या व्यवस्थापक समितीचे तत्कालीन अध्यक्ष प्लंकेट यांस पत्र लिहिले. शहराच्या आरोग्यासाठी नगरपालिका पैसा खर्च करते आणि त्याच शहरात आरोग्याचा व नीतीचा नाश करणारी दुकाने वाढतात, ही विसंगती त्यांनी दाखविली आणि या दुकानांवर कर बसवावा अशी मागणी केली. परवाने देणे सरकारच्या हाती आणि परिणाम भोगणे शहराच्या कपाळी, हा पेच त्या वेळीही होता. आपल्या खानदेशातील आयाबहिणींस दारूच्या गुत्त्याविषयी काही सांगण्याची आवश्यकता नाही, म्हणून हा विषय येथेच सोडतो.

आता मंडईचे प्रकरण. त्या वेळी पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या उघड्या पटांगणात भरत असे. मळ्यातून भाजी आणणारे आणि तेथे बसून विकणारे यांत आपल्या समाजाचे लोक पुष्कळ असणार, हे सांगावयास नको. नगरपालिकेने मोठी, पक्की मंडई बांधण्याचे मनात घेतले. खर्च लाखांच्या घरातला होता. वास्तविक मंडई झाली तर माळ्यांच्या डोक्यावर छप्पर येणार. जातीचा म्हणून विचार करणारा दुसरा कोणी सभासद असता, तर त्याने दोन्ही हात वर केले असते. जोतीरावांनी विरोध केला! त्यांस साथ दिली ती हरी रावजी चिपळूणकर या एकाच सभासदाने. इतका पैसा इमारतीत घालण्यापेक्षा तो शिक्षणाकडे वळवावा, ही त्यांची भूमिका होती.

या विरोधाविषयी मतभेद होऊ शकतो, आणि आम्ही तो लपवीत नाही. बाजारास छप्पर, फरसबंदी व पाणी हवे. उन्हापावसात सडणाऱ्या भाजीचे नुकसान शेवटी पिकविणाऱ्याचेच होते. शहर वाढते तसा बाजारही वाढावाच लागतो. जोतीराव बांधकामाचे शत्रू होते असेही नव्हे. १८८३ साली लिहून पुरा केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात त्यांनी डोंगरउतारावर ताली-बंधारे घालावेत, तळी-तलाव बांधावेत असे सरकारास हट्टाने सुचविले आहे. म्हणजे दगड-चुन्यास त्यांचा नकार नव्हता. आमच्या मते त्यांचा आक्षेप क्रमास होता. ज्या शहरात कष्टकऱ्याचे मूल पाटीशिवाय वाढते, तेथे आधी शाळा की आधी घुमट, एवढेच ते विचारीत होते. आम्ही सारी हयात खडू हाती धरून काढली, तेव्हा या बाबतीत आमचे माप किंचित एका बाजूस झुकले असल्यास वाचकांनी क्षमा करावी.

शिक्षणाचा हा आग्रह त्यांनी नगरपालिकेच्या दालनापुरता ठेवला नाही. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर शिक्षण आयोगास त्यांनी निवेदन सादर केले. त्याखाली सही करताना आपण व्यापारी, शेतकरी व म्युनिसिपल कमिशनर आहोत असे त्यांनी लिहिले आणि पत्ता दिला तो जुना गंज पेठेचा. आपल्या हद्दीतील प्राथमिक शाळांचा खर्च नगरपालिकांनी सोसावा, ही मागणी त्या निवेदनात आहे. सभेत दोन मतांनी हरलेली गोष्ट त्यांनी आयोगापुढे पुन्हा मांडली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याचा ठराव निघाला आणि नगरपालिकांत निवडणुकीचे युग सुरू होण्याची वाट मोकळी झाली.

आता थोडे आमच्या गावाविषयी. अमळनेरात शिक्षणाचा मोठा भार श्रीमंत प्रताप शेठजींसारख्या दात्याने उचलला. १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजींसारखा शिक्षक येथे शिकवून गेला आणि १९४५ साली प्रताप महाविद्यालय उभे राहिले. गावास असा दाता लाभणे हे भाग्यच. परंतु दात्याच्या औदार्याने भागते म्हणून नगराने आपल्या खर्चाचा विचार करू नये, असे होत नाही. १९९९ साली नगरपालिकांची जकात उठली आणि त्या उत्पन्नाच्या जागी शासनाचे अनुदान येऊ लागले. तेव्हापासून एक चमत्कारिक समजूत पसरली आहे की पैसा वरून येतो, तो आपला नव्हे. मग चौकाच्या सुशोभीकरणाचा ठराव झाला काय आणि शाळेच्या गळक्या छपराचा राहून गेला काय, कोणी विचारीत नाही. आपल्या समाजातील जे स्त्री-पुरुष निवडून जातात ते मतदारांच्या मताने जातात. जोतीरावांस तर नेमणूक करणाऱ्या सरकारच्या तोंडावर बोलावे लागले होते.

पुण्याची मंडई मात्र झाली. सुमारे तीन लाख रुपये लागले. १८८६ साली ती खुली झाली आणि मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव तिला देण्यात आले. त्यानंतर दोन वर्षांनी, ११ मे १८८८ रोजी, मुंबईच्या मांडवी कोळीवाड्यातील सभेत जोतीरावांस जनतेने ‘महात्मा’ ही पदवी दिली, आणि १८९० साली ते निवर्तले. पुढे आचार्य अत्रे पुणे नगरपालिकेत असताना रे मार्केटचे नाव बदलून महात्मा फुले मंडई असे ठेवण्यात आले. ज्या इमारतीविरुद्ध त्यांनी मत दिले तीच आज त्यांचे नाव धारण करून उभी आहे, आणि तिच्या ओट्यांवर माळ्याचा भाजीपाला विकला जातो. कामानिमित्त पुण्यास जाणाऱ्या समाजबांधवांनी ती एकदा अवश्य पाहावी. सोबत मुले असतील तर त्यांस चिपळूणकरांचेही नाव सांगावे.