धावपट्टीखालची जमीन

युद्धाचा इतिहास लिहिताना रणांगणांची नावे ठळक अक्षरांत येतात, सेनापतींची चरित्रे रचली जातात आणि तहांच्या तारखा मुलांकडून पाठ करून घेतल्या जातात. ज्या जमिनीवरून विमाने उडाली त्या जमिनीचे पुढे काय झाले, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. वास्तविक दुसऱ्या महायुद्धाने भारतभूमीवर ज्या टिकाऊ खुणा मागे ठेवल्या, त्यांत विमानतळांना अग्रस्थान द्यावे लागेल. छावण्या मोडल्या, तंबू उठले, सैनिक आपापल्या देशी परतले; काँक्रीटच्या धावपट्ट्या मात्र जागच्या जागी राहिल्या. त्यांच्या उत्तरायुष्याची कथा युद्धकथेइतकीच बोधप्रद आहे.

१९४२ सालापर्यंत हिंदुस्थानच्या संरक्षणाचे तोंड वायव्य सरहद्दीकडे होते. हवाई तळांची जी काही व्यवस्था होती ती मुख्यतः त्या बाजूस. पूर्वेकडची बाजू जवळजवळ उघडी होती. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले, ८ मार्चला रंगून जपान्यांच्या हाती गेले आणि ६ एप्रिलला विशाखापट्टणम व काकिनाडा या बंदरांवर बॉम्ब पडले. अवघ्या दोन महिन्यांत देशाची मागची बाजू पुढची झाली. तेव्हा सरकारने दोनशेंहून अधिक विमानतळांच्या उभारणीचा प्रचंड कार्यक्रम हाती घेतला.

हे काम यंत्रांपेक्षा माणसांनीच अधिक केले. यंत्रसामग्री अपुरी होती आणि बोटीने ती येण्यास महिनोन्‌महिने लागत. त्यामुळे स्त्रीपुरुष मजुरांनी हातोड्यांनी खडी फोडली आणि टोपल्यांनी ती डोक्यावरून वाहिली. आसामात चहाच्या मळ्यांतील मजूर या कामाला लावण्यात आले. चाबुआचा विमानतळ तर चहाच्या मळ्याच्या जागेवरच उभा राहिला. जेथे काँक्रीट पोहोचत नव्हते तेथे भोके पाडलेल्या पोलादी पट्ट्या एकमेकींत अडकवून जमिनीवर अंथरीत. अशी एक पट्टी दहा फूट लांब, पंधरा इंच रुंद आणि सुमारे तीस किलो वजनाची असे. काही ठिकाणी डांबरात भिजवलेले तागाचे कापड पसरून पावसाचे पाणी अडविण्यात आले.

या घाईची किंमत कोणी मोजली? भारत संरक्षण कायद्याने सरकारला खाजगी मालमत्ता ताब्यात घेण्याचा अधिकार दिला होता. बंगालमध्ये लष्करी बांधकामांसाठी आणि छावण्यांसाठी तीस हजारांहून अधिक कुटुंबांना घरदार व शेती सोडावी लागली. त्यांना भरपाई मिळाली. पण १९४३ च्या भीषण दुष्काळात हाती रोख रक्कम असणे आणि पायाखाली शेत असणे यांत जीवनमरणाचे अंतर होते. अशा विस्थापितांपैकी अनेकजण दुष्काळास बळी पडले असावेत, असा निष्कर्ष पुढे दुष्काळ चौकशी आयोगानेच नोंदवला. धावपट्टी बांधणारा मजूर आणि तिच्यासाठी उठलेला शेतकरी यांची नावे कोणत्याही विजयस्तंभावर कोरलेली नाहीत.

या विमानतळांनी आपले काम चोख बजावले, हेही तितकेच खरे. ब्रह्मदेशातून चीनकडे जाणारा रस्ता बंद झाल्यावर आसामातून हिमालयाच्या पूर्वेकडील रांगा ओलांडून सुमारे साडेसहा लाख टन सामग्री चीनला पोहोचविण्यात आली. त्या मार्गावर पाचशेंहून अधिक विमाने कोसळली किंवा बेपत्ता झाली. १९४४ साली जपानी सैन्याने इंफाळला वेढा घातला, तेव्हा त्या खोऱ्यातील सहा विमानतळांच्या आधारावरच वेढलेल्या सैन्याला अन्न व दारूगोळा मिळत राहिला. खरगपूरच्या परिसरात चाकुलिया, पियारडोबा, दुधकुंडी या तळांवरून अमेरिकेच्या बी-२९ या अवाढव्य बॉम्बफेकी विमानांनी ५ जून १९४४ रोजी बँकॉकवर आपला पहिला हल्ला चढविला. परंतु एका वर्षाच्या आतच ही विमाने प्रशांत महासागरातील मारियाना बेटांवर हलविण्यात आली. ज्यांच्यासाठी शेकडो एकर जमीन काँक्रीटखाली गेली, त्यांचा मुक्काम जेमतेम एका वर्षाचा ठरला.

ऑगस्ट १९४५ मध्ये युद्ध संपले आणि या साऱ्या तळांसमोर एकच प्रश्न उभा राहिला : आता पुढे काय? उत्तरे तीन निघाली.

काही तळ लष्कराकडेच राहिले. आसामातील चाबुआ व तेजपूर, बंगालमधील कलाईकुंडा, महाराष्ट्रातील लोहगाव हे स्वतंत्र भारताच्या हवाई दलाचे तळ झाले. ज्या पूर्व सीमेसाठी १९४२ साली धावपळ झाली, त्या सीमेचे महत्त्व १९६२ च्या चिनी आक्रमणाने पुन्हा एकदा पटवून दिले.

दुसऱ्या काही तळांना नागरी जीवनाने आपलेसे केले. मुंबईचे सांताक्रूझ युद्धकाळात ब्रिटिश हवाई दलाच्या ताब्यात होते. युद्धानंतर ते नागरी विमानखात्याकडे आले आणि जुन्या लष्करी विमानघरांतून प्रवाशांची ये-जा सुरू झाली. आसामचे मोहनबाडी दिब्रुगढचा विमानतळ झाले, तर इंफाळ खोऱ्यातील तुलिहाल आज मणिपूरच्या राजधानीचा विमानतळ आहे. युद्धानंतर अमेरिकेने मागे ठेवलेली डकोटा विमाने स्वस्तात विकली गेली आणि त्यांच्या बळावर देशात अनेक विमान कंपन्या निघाल्या. १९५३ साली त्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. युद्धकाळात वाटेवरचा मुक्काम म्हणून वापरात आलेल्या नागपूरच्या विमानतळाला १९४९ पासून एक आगळे महत्त्व लाभले. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या चारही दिशांनी निघालेली टपालाची विमाने मध्यरात्री तेथे उतरत, थैल्यांची अदलाबदल करीत आणि उजाडण्यापूर्वी आपापल्या गावी परतत. बॉम्ब वाहणाऱ्या आकाशातून पत्रे वाहिली जाऊ लागली.

बेळगावजवळचे सांबरा हे याच दुसऱ्या वर्गातले. पण त्याने दोन्ही संसार सांभाळले. ब्रिटिश हवाई दलाने १९४२ साली ते बांधले आणि तेथे प्रशिक्षणाचे काम चालविले. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्तीच्या मोहिमेसाठी भारतीय हवाई दलाने पुणे आणि सांबरा या दोन तळांवर आपली विमाने एकवटली होती. म्हणजे साम्राज्याच्या रक्षणासाठी बांधलेली धावपट्टी अवघ्या दोन दशकांत एका साम्राज्याच्या उच्चाटनास कामी आली. त्या मोहिमेत ज्या दाबोळीवर बॉम्ब पडले, ती धावपट्टी पोर्तुगिजांनी १९५५ च्या सुमारास बांधली होती. तीही पुढे भारतीय नौदलाचा तळ आणि गोव्याचे हवाई प्रवेशद्वार झाली. सांबऱ्यात आज एका बाजूला हवाई दलाची प्रशिक्षण संस्था आहे, तर दुसऱ्या बाजूला २०१७ साली उघडलेल्या नव्या इमारतीतून प्रवासी ये-जा करतात.

तिसरा वर्ग दुर्दैवी तळांचा. चाकुलिया आणि पियारडोबा ओस पडले. वेढ्याच्या दिवसांत इंफाळचा प्राण असलेले कोइरेंगेई वापरातून गेले. धावपट्टीवरच्या पोलादी पट्ट्या उचलल्या गेल्या आणि ईशान्येकडील खेड्यांतून घरांची कुंपणे व ओढ्यांवरचे साकव बनून राहिल्या. या वर्गातही एक उज्ज्वल अपवाद आहे. खरगपूरजवळच्या हिजली येथील बंदिवासात १९३१ साली पोलिसांनी गोळीबार करून दोन राजबंद्यांचा बळी घेतला होता. युद्धात त्याच इमारतीत अमेरिकन बॉम्बफेकी दलाचे मुख्य ठाणे आले आणि १९५१ साली तेथेच देशातील पहिल्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेचे रीतसर उद्घाटन झाले. बंदिवास, लष्करी ठाणे आणि विद्यापीठ अशा तीन भूमिका वीस वर्षांत एकाच वास्तूने वठविल्या.

हे भाग्य आणि दुर्भाग्य कशावर ठरले? धावपट्टीच्या मजबुतीवर नव्हे आणि तिने गाजविलेल्या पराक्रमावरही नव्हे. पराक्रमावर ठरले असते तर कोइरेंगेई ओस पडते ना. ज्या तळाजवळ शहर होते, बाजारपेठ होती, रेल्वे वा सरहद्द होती, त्याला शांततेत काम मिळाले. ज्याच्याभोवती केवळ शेते आणि माळ होता, त्याला ते मिळाले नाही. पण मग अशा ठिकाणी ती जमीन शेतकऱ्याकडे परत का गेली नाही? याचे उत्तर कायद्याच्या दोन शब्दांत दडले आहे. तात्पुरता ताबा घेणे ही एक गोष्ट आणि कायमचे संपादन करणे ही दुसरी. युद्धाच्या घाईत गावकऱ्याला हा भेद कोणी समजावून सांगितला नाही. युद्ध संपल्यावरही ताबा चालू ठेवणारे कायदे झाले. १९४७ साली एक आणि १९५२ साली दुसरा. शिवाय जमीन परत मिळाली तरी काँक्रीटमध्ये नांगर चालत नाही.

हा केवळ भारताचाच अनुभव नव्हे. लंडनच्या हीथ्रो येथील फळबागा आणि शेते १९४४ साली लष्करी तळासाठी म्हणून युद्धकालीन अधिकारांनी घेण्यात आली. १९४६ साली तेथे नागरी विमानतळ सुरू झाला. युद्धाच्या निमित्ताने घेतलेली जमीन शांततेच्या सोयीसाठी वापरणे सरकारांना नेहमीच सुलभ वाटत आले आहे.

कल्याणजवळच्या नेवाळीत हा जुना हिशेब जून २०१७ मध्ये पुन्हा उघडला गेला. महायुद्धात तेथील अनेक गावांची जमीन विमानतळासाठी घेतली होती. युद्धानंतर विमाने गेली आणि गावकरी पुन्हा ती कसू लागले. नौदलाने तेथे कुंपणाची भिंत घालण्यास सुरुवात करताच असंतोषाचा भडका उडाला. वाहने जाळली गेली, शेतकरी आणि पोलीस दोघेही जखमी झाले. जमीन युद्धापुरती दिली होती, असे गावकऱ्यांचे म्हणणे. ती संरक्षण खात्याच्या मालकीची आहे, असे सरकारचे. पाऊणशे वर्षांपूर्वी कागदावर काय लिहिले, यापेक्षा गावाला त्या वेळी काय सांगितले गेले, याची आठवण तेथे अधिक तीव्र ठरली.

युद्ध जिंकण्यासाठी जमीन घ्यावी लागते, हे कोणीही नाकारणार नाही. परंतु ती घेताना ‘किती काळासाठी’ या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट लिहून दिले पाहिजे आणि गरज सरल्यावर ते पाळलेही पाहिजे. सेनापतींचे हिशेब तहावर सही होताच मिटतात. शेतकऱ्याचा हिशेब मात्र त्याच्या नातवंडांपर्यंत पोहोचतो. धावपट्टीवरून उडालेली विमाने केव्हाच दृष्टीआड झाली. तिच्याखालच्या जमिनीचे देणे अजून पुरते फिटलेले नाही.