आठ-आठ : बापाचा दिवस आणि वाऱ्यावरच्या शेवया

तैवानमध्ये 8 ऑगस्ट हा वडिलांचा दिवस असतो. त्या दिवशी सुट्टी नसते. त्यामुळे ज्या घरात बापाला संध्याकाळी उशीर होतो, त्या घरात जे काही करायचं ते सकाळीच उरकतात. आमच्या मुलाच्या घरात तसंच झालं. तो सिंचू शहरातल्या विज्ञान उद्यानात नोकरीला आहे, सकाळी आठला बाहेर पडतो. सात वाजता तो, सून, आठ वर्षांची नात आणि मी असे चौघं बाजारामागच्या एका बोळातल्या दुकानात लोखंडी स्टुलांवर बसलो होतो. समोर परतलेल्या तांदळाच्या शेवया, म्हणजे तिथल्या भाषेत 'मीफन'. नातीने उन्हाळी वर्गात केलेलं भेटकार्ड बापापुढे ठेवलं. त्यावर फक्त दोन मोठे आठ होते, एकाला मिशी आणि एकाला चष्मा.

मी चाळीसएक वर्षं इतिहास वाचला आणि त्यातली बरीच वर्षं शिकवला. त्यामुळे कार्ड बघून कौतुक करायच्या आधी मी विचारलं, आठच का? नात म्हणाली, "आजोबा, आठ म्हणजे पा. पा-पा. पापा!" हा लेख त्या उत्तरामागे जात जात झाला आहे.

मँडरिनमध्ये आठला 'बा' म्हणतात. आठव्या महिन्याची आठवी तारीख म्हणजे 'बा-बा', आणि वडिलांनाही 'बाबा'. मराठी कानाला हे ऐकून चटकन आपलेपणा वाटतो, पण त्यात नातं शोधायला जाऊ नये. तान्ह्या मुलाच्या ओठांना सगळ्यांत आधी प, ब, म हेच जमतं आणि आईबाप ते आपल्यालाच उद्देशून आहे असं धरून चालतात, हे रोमान याकोबसन या भाषाशास्त्रज्ञाने फार पूर्वी मांडून ठेवलं आहे.

या दिवसाची सुरुवात 1945 सालच्या शांघायमधली मानली जाते. तिथल्या काही लिहित्या मंडळींनी 8 ऑगस्ट हा दिवस सुचवला आणि युद्ध संपल्यावर तो सरकारदरबारी मान्य व्हावा म्हणून खटपट केली. तारखेकडे जरा नीट बघावं. 6 ऑगस्टला हिरोशिमा, 9 ला नागासाकी. मधल्या दिवसांत, जपानच्या ताब्यातल्या शांघायमध्ये, कोणाला तरी वडिलांची आठवण होते. लढाईत गेलेल्या बापांचं स्मरण हा त्यामागचा हेतू सांगितला जातो. अमेरिकेतल्या 'फादर्स डे'ची जन्मकथाही काहीशी अशीच: 1910 साली स्पोकेन गावात सोनोरा स्मार्ट डॉड हिने तो पहिल्यांदा पाळला, तो यादवी युद्धात लढलेल्या आणि बायकोमागे मुलं वाढवलेल्या आपल्या बापासाठी. पण अमेरिकेच्या दिवसाला पुढे नेकटाय विकणाऱ्यांचा पाठिंबा मिळाला. चिनी दिवसाला मिळाला तो भाषेतल्या एका कोटीचा.

आणि ही कोटी तैवानची नव्हतीच. 1945च्या त्या ऑगस्टमध्ये तैवान पन्नास वर्षं जपानची वसाहत होतं. शाळेत जपानी आणि घरात होक्कियन. होक्कियनमध्ये बापाला 'लाउ-पे' किंवा 'आ-पा' म्हणतात, तिथे आठ-आठ म्हटल्याने कोणाचा बाप आठवत नाही. मँडरिन ही शाळेची आणि सरकारची भाषा म्हणून बेटावर आली ती युद्धानंतर. 1949 मध्ये राष्ट्रवादी सरकार चीन सोडून तैवानला आलं, त्यानंतर तर वर्गात होक्कियन बोलणाऱ्या पोरांना दंड होत असे. म्हणजे आज जी तारीख सगळ्यांना उपजत वाटते, ती कळायला आधी एका पिढीला आपली बोली गिळावी लागली. नातीला हे सांगितलं नाही. ती दोन्ही आठांना पाय काढण्यात गुंतली होती.

मग मी ताटलीकडे वळलो.

परतलेल्या शेवयांत कोबी, गाजर, सुकी अळंबी, आणि वर वाळवलेली बारीक कोलंबी. जवळ्याचा तो वास आला आणि मी मालवणी माणूस असल्याचं पोटाने आधी ओळखलं. सोबत डुकराच्या मांसाच्या गोळ्यांचं सूप असतं, ते मी मुलाकडे सरकवलं. सिंचूच्या नगरदेवतेच्या देवळाच्या आवारातही या दोन पदार्थांच्या टपऱ्या दाटीने उभ्या आहेत. देऊळ 1748 चं. देवासमोर उदबत्ती आणि पाठीमागे फोडणीचा धूर, आपल्याकडे जत्रेत असतं तसं, पण तिथे ते रोजचं.

सिंचूला वाऱ्याचं शहर म्हणतात. शरद ऋतूत ईशान्येकडून सुटणारा कोरडा वारा डोंगर आणि समुद्राच्या खाचेतून शहरावर येतो. एकोणिसाव्या शतकात चीनच्या फूजिएन प्रांतातल्या ह्वेइआनहून आलेल्या लोकांनी या वाऱ्याचा उपयोग ओळखला. शहराच्या नान्श या भागात त्यांनी तांदळाच्या शेवया घालायला सुरुवात केली. त्यांचं एक सांगणं आहे: तीन भाग ऊन, सात भाग वारा. ऊन जास्त झालं तर शेवई ठिसूळ होते, वारा कमी पडला तर आंबते. आमच्याकडे उन्हाळी वाळवणाची चिंता नेमकी उलटी, ऊन किती कडक आहे एवढीच.

कृती मात्र मला ऐकूनच पाठ झाली, कारण ती आमची होती. जुना तांदूळ भिजवायचा, वाटायचा, पाणी दाबून काढायचं, गोळा अर्धाकच्चा वाफवायचा, मळायचा, साच्यातून दाबून तार काढायची आणि पुन्हा वाफवायची. कोकणात शिरवळ्यांसाठी तांदळाच्या पिठाची उकड काढतात, तिचे मोठे गोळे पाण्यात उकडतात आणि गरम असतानाच लाकडी साच्यातून दाबतात. वाटताना आणि गाळताना बाई चालते, पण दाबायला आमच्या घरात पुरुष लागत असे. गोळा थंड झाला की साचा हलत नाही. तांदळाच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून ते आधी शिजवून, मग दाबून तार धरायला लावावं लागतं. दोन किनाऱ्यांनी एकमेकांना न विचारता एकच उपाय शोधला, इतकंच मी म्हणेन. फरक पुढचा: आम्ही शिरवळे लगेच नारळाच्या गोड रसात बुडवून खातो, त्यांनी ते वाळवले.

वाळवले, कारण ते प्रवासी लोक होते. आणि इथे शेवयांची गोष्ट पुन्हा बापाच्या गोष्टीला येऊन मिळते.

1683 मध्ये छिंग राजवटीने तैवान जिंकलं आणि त्यानंतर दीर्घकाळ समुद्रापार जाणाऱ्यांवर निर्बंध ठेवले. माणूस जाऊ शके, तोही परवान्यावर, पण बायकामुलांना नेण्याची बंदी असे. नियम मध्येमध्ये सैल झाले, पुन्हा आवळले आणि पूर्णपणे 1875 मध्येच उठले. चोरून होणारी वाहतूक तर होतीच, त्यात सामुद्रधुनीत बुडालेल्यांची मोजदाद नाही. त्या सामुद्रधुनीला लोक काळा नाला म्हणत. एकटे आलेल्या पुरुषांपैकी अनेकांनी बेटावरच्या मैदानी आदिवासी बायकांशी संसार मांडला. त्यावरून तिथे एक म्हण पडली, तिचा अर्थ असा की आजोबा चीनचे आहेत, आजी चीनची नाही. मूळ घरात आणखी एक बायको आणि मुलं असतील तर त्यांच्या बाजूने ही म्हण कोणी रचली नाही.

ताटातूट तिथेच थांबली नाही. 1949 मध्ये राष्ट्रवादी सैन्याबरोबर आलेल्या शिपायांची मुलं सामुद्रधुनीच्या त्या काठाला राहिली. दोन्ही सरकारांनी पत्रसुद्धा बंद केलं. नोव्हेंबर 1987 मध्ये भेटीला परवानगी मिळाली तेव्हा पंचविशीत निघालेले बाप साठीत होते. त्यांच्या वसाहतींतून निघालेला गोमांसाच्या रश्शातला नूडल्सचा पदार्थ आज तैवानची ओळख सांगतो. मी तो खाल्लेला नाही, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

माझे वडील परळच्या एका गिरणीत होते. आम्ही गावी, सिंधुदुर्गात. कोकणाला मनीऑर्डरवर जगणारा मुलूख म्हणतात, ते आमच्यापुरतं अक्षरशः खरं होतं. महिन्याकाठी पोस्टमन यायचा आणि आई कुपनावरचा मजकूर दोनदा वाचायची. वडील मे महिन्यात आणि गणपतीला येत. आम्ही त्यांना 'भाऊ' म्हणत असू, कारण आजी आणि आत्या त्यांना भाऊ म्हणत. बाबा हा शब्द आमच्या घरात नव्हताच. एकत्र कुटुंबांत मुलं बापाला दादा, अण्णा, तात्या, अगदी काकासुद्धा म्हणत, कारण घरातली इतर पोरं तसं म्हणत. आपल्या पोराला आपलं म्हणून जवळ घेणं वडीलधाऱ्यांसमोर बरं दिसत नसे. पंचांगाने आईसाठी श्रावणातली पिठोरी अमावास्या राखली. बापासाठी भाद्रपदातला पंधरवडा आहे, पण त्यासाठी बापाला आधी मरावं लागतं.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. भाऊ काही महिने मुंबईत थांबले, मग ट्रंक घेऊन गावी आले ते कायमचे. मी दहावीच्या वयाचा होतो. घरात एक अनोळखी माणूस राहायला आला आहे आणि सगळे त्याला घाबरून आहेत, असं मला वाटे. त्यांना शेती येत नव्हती, गुरं ओळखत नव्हती. एक काम मात्र ते कोणाला करू देत नसत. शिरवळे करायचे ठरले की ते सदरा काढून साच्यावर बसत. आई गोळा घाली, ते दाबत, खाली केळीच्या पानावर पांढऱ्या तारांचं वेटोळं पडे आणि ते आमच्याकडे न बघता विचारत, "पुरे?" आम्ही "अजून" म्हणायचो. आमच्यात झालेलं सगळ्यात लांब संभाषण कदाचित तेच. पंधरा वर्षांनी ते गेले. गिरणीत ते नेमक्या कोणत्या खात्यात होते, हेही मी विचारलेलं नाही. दुसऱ्यांच्या गिरणगावावर मी वर्गात तासच्या तास बोललो आहे.

तैवानचा आठ-आठ 2009 नंतर पूर्वीसारखा राहिला नाही, हेही इथे नोंदवलं पाहिजे. त्या वर्षी मोराकोत हे वादळ नेमकं त्या दिवसांत दक्षिण तैवानवर रेंगाळलं. डोंगरात काही दिवसांत अडीच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. 9 ऑगस्टच्या सकाळी काओशुंगच्या डोंगराळ भागातलं श्याओलिन हे गाव दरडीखाली गेलं, चारशेहून अधिक माणसं गेली. ते गाव मैदानी आदिवासींच्या वंशजांचं, म्हणजे त्या म्हणीतल्या आजीच्या माहेरचं. या संकटाला तिथे 'आठ-आठचा पूर' म्हणतात. मिशी आणि चष्मा काढलेल्या त्या दोन आकड्यांचा असाही एक अर्थ आहे.

शेवयांनाही किटाळ लागलं. मक्याचा स्टार्च स्वस्त, त्यामुळे सिंचूच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या मीफनमध्ये तांदूळ कमी होत गेला. 2013 मध्ये एका ग्राहक संस्थेने तपासलेल्या नमुन्यांपैकी बहुसंख्यांत तो निम्म्याहून कमी निघाला. 2014 पासून पूर्ण तांदळाच्या शेवयांनाच निखळ मीफन म्हणता येतं. दुकानदार म्हणाला, लोकांना आता मक्याचीच सवय झाली आहे, तांदळाची तार तुटते म्हणून तक्रार करतात. हे त्याचं बोलणं सुनेने मला मराठीत सांगितलं आणि स्वतःही हसली.

पावणेआठ झाले तेव्हा मुलाने पैसे दिले. उठता उठता तो म्हणाला, "बाबा, आजोबांचा साचा आहे का अजून?"

मी म्हटलं, "माळ्यावर असेल. ताईला विचारतो."

"विचारा. आणि भोकांचा व्यास किती आहे तेही विचारा. इथे एक सुतार आहे ओळखीचा."

ताई गावातल्या घरी राहते. तिला साचा सापडायला दोन दिवस लागले. तिने तो अंगणात ठेवून, शेजारी पोराची फूटपट्टी टेकवून फोटो पाठवला. दांडा वाळवीने खाल्ला होता, चकती शाबूत होती. फोटो मोठा करून आम्ही तिघं भोकं मोजत बसलो. चारपाच भोकांत जुनं पीठ घट्ट बसलेलं दिसत होतं.