आधी कागद की आधी उपचार?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. शाळा सुटल्यावर एका माजी विद्यार्थिनीची आई मला भेटायला आली. तिच्या थोरल्या मुलीवर अत्याचार झाला होता. मुलगी सज्ञान होती. आदल्या दिवशी मायलेकी एका दवाखान्यात गेल्या आणि तशाच परत आल्या. "टीचर, पहले पुलिस का कागज लाव बोलते," ती म्हणाली. पोलिसांत जायचे की नाही, यावर घरात एकमत नव्हते. मोहल्ल्यात बोभाटा होईल ही भीती होती. मी बी.एड. झालेली, दोन भाषा शिकवणारी. पण तो कागद खरेच लागतो का, हे मला ठाऊक नव्हते. मीही म्हणाले, "लागत असेल."

ते उत्तर चुकीचे होते. पुढे त्या मुलीचे काय झाले, हे सांगण्याचा हक्क मला नाही. पण त्या उत्तराची बोच राहिली आणि मी हा इतिहास वाचायला घेतला.

तो आपल्याच राज्यातून सुरू होतो. 26 मार्च 1972 च्या रात्री देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याची तक्रार झाली. हाच तो 'मथुरा खटला'. आरोपी ठाण्यातलेच दोन पोलीस होते. तिची वैद्यकीय तपासणी झाली ती सुमारे वीस तासांनी. अंगावर जखमा नाहीत आणि तिला शरीरसंबंधांची सवय आहे, असा निष्कर्ष निघाला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोघांना दोषी धरले, पण 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. जखमा नसणे तिच्याच विरोधात गेले.

1979 मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. 1983 मध्ये कायदा बदलला. कोठडीतील बलात्काराला वेगळी शिक्षा आली, पीडितेचे नाव छापणे गुन्हा ठरले. मात्र हे बदल कोर्ट, पुरावा आणि शिक्षा यांच्यापुरते होते. दवाखान्यात त्या बाईशी कसे वागावे, घरी परतल्यावर तिला आधार कोणी द्यावा, याबद्दल कायदा गप्पच होता.

1994 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरकाम करणाऱ्या स्त्रियांच्या एका प्रकरणात सांगितले की, पोलीस ठाण्यापासूनच पीडितेला वकील मिळावा आणि नुकसानभरपाईची व्यवस्था व्हावी. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि 'सेहत' या संस्थेने 'दिलासा' केंद्र उभारले. हिंसा सोसणाऱ्या स्त्रीला रुग्णालयातच समुपदेशन मिळू लागले. पण हे एका शहरापुरते होते.

देशभर हालचाल झाली ती डिसेंबर 2012 च्या दिल्लीतील घटनेनंतर. न्यायमूर्ती वर्मा समितीने महिनाभरात अहवाल दिला. 2013 च्या दुरुस्तीने सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयावर मोफत आणि तातडीने उपचार करण्याचे बंधन घातले. नकार देणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. 2024 पासून लागू झालेल्या नव्या संहितांतही ही तरतूद आहे. त्याच वर्षी, ऑक्टोबर 2013 मध्ये, महाराष्ट्राने 'मनोधैर्य' योजना आणली. सुरुवातीला दोन-तीन लाखांची असलेली मदत पुढे दहा लाखांपर्यंत गेली.

मार्च 2014 मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचना आल्या. माझ्या प्रश्नाचे उत्तर त्यांत होते. बाई स्वतःहून आली तरी तिची तपासणी आणि उपचार करायचे. पोलिसांचे पत्र लागत नाही. रुग्णालय पोलिसांना कळवते, पण सज्ञान बाईला तक्रार करायची नसेल तर तिचा तो नकार नोंदवून घ्यायचा, उपचार थांबवायचे नाहीत. अपमानास्पद 'टू फिंगर टेस्ट' बंद करायची. तरीही ती चालू राहिली. म्हणून ऑक्टोबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की, ही चाचणी करणारा गैरवर्तनाचा दोषी ठरेल.

2015 पासून एकाच छताखाली उपचार, पोलीस मदत, वकील, समुपदेशन आणि तात्पुरता निवारा देणारी 'सखी' वन स्टॉप सेंटर सुरू झाली. 181 ही हेल्पलाइनही आहे.

म्हणजे ती आई माझ्यासमोर बसली होती तेव्हा नियम तिच्या बाजूने होता. दवाखान्याने तो पाळला नाही आणि मला तो माहीत नव्हता. एचआयव्हीचा संसर्ग टाळणारी औषधे 72 तासांच्या आत सुरू करावी लागतात. त्यातला एक दिवस कागदाच्या प्रश्नात गेला होता.

बदनामीची भीती आपल्या मोहल्ल्यात आहे तशी ती इतरांच्या वाड्या-वस्त्यांतही आहे. ती एका दिवसात जाणार नाही. पण पोलिसांत जाण्याचा निर्णय घरात होईपर्यंत उपचार अडत नाहीत, एवढे तरी प्रत्येक घराला माहीत हवे. मुलगी अठराच्या आतली असेल तर गोष्ट वेगळी. 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार ज्याला कळले त्याने पोलिसांना कळवलेच पाहिजे; शिक्षकही त्याला अपवाद नाहीत.

आता दरवर्षी मातापालक सभेत अभ्यासाचे बोलून झाले की मी पुरुष पालकांनाही थांबायला सांगते. मग उर्दूत आणि मराठीत तेच सांगते. आधी दवाखाना. उपचार मोफत. कागद मागितला तर 181 ला फोन करा, आणि मलाही करा, मी सोबत येईन.