परमिट रूम: एका पाटीचा इतिहास

धुळ्याला देवपुरात माझ्या मावसभावाने नवे घर बांधले. गच्चीलगतच्या खोलीत त्याने छोटासा बार केला आहे: सागवानी फळी, चार उंच स्टुले, मागे काचेचे कपाट. वर लावायच्या निऑनच्या पाटीचे तीन नमुने त्याने मला पाठवले आणि विचारले, "तू इतिहासवाली. सांग, कोणती लावू?" उत्तर दोन ओळींत मावले नाही, म्हणून हा धागा.

पहिला नमुना आडनावाचा होता, पुढे 'अड्डा'. तो लगेच बाद झाला. खान्देशातल्या वर्तमानपत्रांत 'अड्डा' हा शब्द बहुधा 'उद्ध्वस्त' या शब्दाच्या सोबतीनेच येतो.

दुसरा 'लळिंग लाउंज'. धुळ्याच्या दक्षिणेस मुंबई-आग्रा महामार्गावरून दिसणारा हा फारुकींचा किल्ला. नाव कानाला गोड लागते. परंतु 2022 मध्ये दुकानांच्या मराठी पाट्यांसाठी कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिने मद्य विकणाऱ्या किंवा पाजणाऱ्या आस्थापनांना महापुरुषांची आणि गडकिल्ल्यांची नावे देण्यास मनाई केली. घरातल्या खोलीला ही मनाई लागू नाही. तरी दादाने तो नमुना स्वतःच मागे घेतला.

तिसरा होता 'परमिट रूम'. दादाच्या मनात भरला तो हाच. जुन्या हॉटेलांच्या लाल अक्षरांची ती आठवण आहे, असे त्याचे म्हणणे. मला मात्र त्या दोन शब्दांत एक अख्खा कायदा दिसत होता.

हा शब्द महाराष्ट्राबाहेर फारसा आढळत नाही, कारण तो जन्मला मुंबई प्रांताच्या दारूबंदीतून. काँग्रेसच्या कार्यक्रमात दारूबंदी पूर्वीपासून होतीच. 1936 च्या डिसेंबरात पूर्व खान्देशातील फैजपूरला नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे खेड्यातले पहिले अधिवेशन भरले. पुढच्याच वर्षी प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले आणि 1939 च्या ऑगस्टमध्ये मुंबई शहरात दारूबंदी लागू झाली. युद्धामुळे मंत्रिमंडळ गेले आणि तो प्रयोग अर्धवट राहिला. स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेर मुख्यमंत्री आणि मोरारजी देसाई गृहमंत्री असताना 1949 चा मुंबई दारूबंदी अधिनियम आला.

त्या कायद्याची मांडणी नीट पाहावी. आधी सर्वांना बंदी आणि मग काहींना परवाना. हे काही कोण? परदेशी नागरिक, राजदूत, आणि प्रकृतीसाठी मद्य आवश्यक असल्याचा वैद्यकीय दाखला मिळवू शकणारे लोक. अशा परवानाधारकांना हॉटेलात जी वेगळी खोली राखून ठेवली जाई, ती परमिट रूम. 1953 च्या विदेशी मद्य नियमांनी तिला सरकारी चौकट दिली. तेव्हा पाटीवरच्या त्या शब्दांचा अर्थ 'या, बसा' असा नव्हता. 'कागद असेल तरच आत या' असा होता.

आता हाच कायदा खान्देशातून पाहू. सातपुड्याच्या पायथ्याशी, तळोदा-अक्कलकुव्याकडे, मोहाच्या फुलांची दारू देवाला चढे, लग्नात लागे, पंचायतीत तंटा मिटला की वाटली जाई. तिच्यावर कायद्याची पकड 1949 च्या फार आधी बसली होती. 1878 च्या अबकारी कायद्याने विनापरवाना दारू गाळणे हा गुन्हा ठरवला, कारण इंग्रज सरकारला मक्त्याचा पैसा हवा होता. पुढे स्वराज्याच्या सरकारने नीतीच्या नावाने तेच केले. हेतू बदलला, पण ज्याच्या झोपडीवर छापा पडायचा तो माणूस बदलला नाही. धुळ्याच्या एखाद्या सधन माणसाला डॉक्टरांचा दाखला मिळू शकत होता. अक्राणीच्या भिलाला असा दाखला कोण देणार होते?

येथे घाईने निष्कर्ष काढू नये, हेही सांगते. त्याच तळोदा भागात 1930 च्या दशकाच्या उत्तरार्धात गुलाम महाराजांनी भिलांमध्ये चळवळ उभी केली. एकमेकांना 'आप' म्हणावे, रोज स्नान करावे, दारू सोडावी, अशी तिची शिकवण होती आणि हजारो लोकांनी ती मानली. कोणी कायदा केला नव्हता, कोणी छापा घातला नव्हता. म्हणून 'आदिवासींची दारू विरुद्ध शहरी नीती' असे सरळ चित्र रंगवणाऱ्यांवर माझा विश्वास बसत नाही.

दादाच्या प्रश्नाशी थेट जुळणारी गोष्ट मला एका जुन्या निकालात सापडली. फ. न. बलसारा नावाच्या नागरिकाने या कायद्याला आव्हान दिले. व्हिस्की, ब्रँडी, बिअर, औषधी वाइन, इतकेच काय पण यूडी कोलोनसुद्धा बाळगण्याचा आणि वापरण्याचा हक्क त्याला हवा होता. 25 मे 1951 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कायदा बहुतांशी उचलून धरला. व्हिस्की काही त्याला मिळाली नाही. पण काही तरतुदी मात्र रद्द झाल्या. त्यांपैकी एक अशी, की मादक पदार्थाची वाखाणणी करणे हाच गुन्हा होता. घटनेने दिलेल्या भाषणस्वातंत्र्याशी हे विसंगत आहे, असे न्यायालय म्हणाले. म्हणजे 1951 च्या उन्हाळ्यात मुंबई राज्यातल्या सामान्य नागरिकाला घरात दारू ठेवता येत नव्हती, पण दारूची स्तुती करता येत होती. बाटलीच्या आधी शब्द मोकळा झाला! दादाची पाटी ज्या हक्कावर उभी आहे, तो घटनेच्या अगदी पहिल्या वर्षांतला आहे.

पुढचे थोडक्यात. वसंतराव नाईकांच्या कारकिर्दीत बंदी सैल होत गेली आणि परवाने सोपे झाले. 1973 मध्ये देशी दारूचे नियम आले. परमिट रूम तालुक्यातालुक्यांत पोहोचली. बंदीचा कायदा मात्र कधी रद्द झालाच नाही. 'मुंबई' जाऊन नावात 'महाराष्ट्र' आले एवढेच. आजही राज्यात मद्य पिण्यासाठी परवाना लागतो: एका दिवसाचा, वर्षाचा किंवा 1000 रुपयांत आजीवन. दादाला हे ठाऊकच नव्हते. 'परमिट रूम' अशी पाटी लावायला निघालेल्या गृहस्थाकडे परमिट नव्हते.

महामार्गांचा प्रसंग अनेकांना आठवत असेल. 2016 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांवरील दारूच्या दुकानांबरोबर त्यांच्या पाट्या आणि जाहिरातीही हटवण्याचा आदेश दिला. जळगावात तर शहरातले रस्ते महामार्गांच्या यादीतून काढून महापालिकेकडे देण्यावरून मोठा वाद झाला. दुकान हलवता येत नसेल तर रस्त्याचे नाव बदला, अशी ती युक्ती होती.

इतके सगळे मी दादाला लिहून पाठवले. त्याने ते मावशीला वाचून दाखवले आणि सोबत नमुनाही दाखवला. मावशीचा जन्म यावल तालुक्यातल्या एका खेड्यात गेला. मुलाकडे धुळ्याला ती अलीकडेच आली. तिने पाटीवरचे शब्द वाचलेच नाहीत. अक्षरांच्या उजवीकडे कारागिराने हौसेने काढलेल्या चित्रावर बोट ठेवून तिने विचारले, "हाई बाटली उभी काबरं शे?"

दादाला प्रश्न कळला नाही. मला कळला. 2008 च्या शासन आदेशानुसार गावातल्या किंवा प्रभागातल्या महिला मागणी करून दारूच्या दुकानावर मतदान घडवू शकतात. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात. उभी बाटली म्हणजे दुकान चालू राहावे, आडवी बाटली म्हणजे बंद व्हावे. दुकान बंद होण्यासाठी झालेल्या मतांपैकी निम्म्याहून अधिक मते पुरत नाहीत. यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडवी बाटली निवडावी लागते. जी शेतावर गेली, जी माहेरी गेली, जिला नवऱ्याने घराबाहेर पडू दिले नाही, तिचे न दिलेले मत उभ्या बाटलीच्याच पारड्यात जाते. मावशी सह्या आणि अंगठे गोळा करत घरोघर फिरली होती. त्यांच्या गावात आडव्या बाटलीला मते जास्त पडली आणि दुकान चालूच राहिले.

दादाच्या पिण्याला तिची हरकत नाही. तो घरी बसून पितो, कमी पितो, हे तिला चालते. मात्र ते चित्र घरात नको, एवढेच ती म्हणाली. आडवी करून चालेल का, असे दादाने थट्टेने विचारले, तेव्हा ती हसली नाही.

पाटी गेल्या आठवड्यात लागली. देवनागरीत, लाल अक्षरांत, 'परमिट रूम'. बाटली नाही. दादाने आजीवन परवान्याचा अर्ज केला आहे. तो मिळाला की चौकटीत घालून पाटीखाली टांगणार आहे म्हणतो.